करंजनळीच्या दोन भागी

माझे वडील झुंबर लहांगे एसटीत ड्रायव्हर होते. २००० साली ते रिटायर झाले आणि त्याच महिन्यात नाशिकमधल्या द्वारकेवरच्या आमच्या घरमालकाने निरोप धाडला, की इमारत पाडायची आहे, वर्षाअखेरीपर्यंत खोल्या रिकाम्या करा. त्या दोन खोल्यांत आई-पप्पांची तीस वर्षं गेली होती. खाली टायरचं दुकान, समोर चौक आणि हॉर्न असे की पप्पा झोपेतसुद्धा ब्रेक दाबायचे. आईच्या नडगीला त्याच्या खुणा होत्या.

आता जायचं कुठं, यावर घरात दोन पक्ष पडले. खरं म्हणजे तीन, कारण मीही होते.

पप्पांना राजकारण हवं होतं. करायला नव्हे, बोलायला. डेपोत तीन पेपर वाचून कोणता आमदार कोणाच्या गाडीत बसला हे ते प्रवाशांच्या आधी सांगायचे. "जिथं चार माणसं बसून भांडत नाहीत, ते काय राहायचं ठिकाण?" असं त्यांचं म्हणणं.

आईला डोंगर हवा होता. माझे शाळेतले पीटीचे बूट घालून ती दोन वर्षांपासून शेजारणींबरोबर रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढायची. घरी आल्यावर आधी निकाल सांगायची, मग चहा. "आज चौघांना मागं टाकलं. त्यातले दोन पुरुष."

आणि मला ते दोघं इंदिरानगरला, माझ्या घराशेजारच्या गल्लीत हवे होते. माझी मुलगी दोन वर्षांची, मी शाळेत शिक्षिका, तिला सांभाळायला कोणी नाही. हे मी बोलले नाही. मी फक्त म्हणाले, "आपण शास्त्रशुद्ध ठरवू."

चाचणी परीक्षेच्या एका कोऱ्या पेपराच्या पाठीमागे मी तक्ता आखला. उभे तीन रकाने: राजकारण, राहणीमान, हिंडणं-फिरणं. आडव्या तीन जागा: इंदिरानगर, पंचवटी, जिथं पप्पांच्या चुलतभावाची खोली रिकामी होती, आणि करंजनळी, म्हणजे त्र्यंबकच्या पुढं डोंगराला टेकलेलं आईचं माहेर. प्रत्येक ठिकाणी पंधरा दिवस राहायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. तक्ता माझ्याकडे. पहिला नंबर कोणाचा येणार हे मी आधीच ठरवलं होतं, ते आता लपवण्यात अर्थ नाही.

इंदिरानगरला दुसऱ्याच दिवशी पप्पांना कळलं, की आमच्या सोसायटीच्या चेअरमन आणि सेक्रेटरीचं पाण्याच्या टाकीवरून वाजलंय. त्यांचा चेहरा उजळला. मीटिंगमध्ये ते वीस मिनिटं बोलले, लोकांनी टाळ्याही वाजवल्या, आणि मग कोणीतरी विचारलं, "हे कोणत्या फ्लॅटचे?" विषय तिथंच मिटला. आई बागेत फिरायला जायची. तिथं सगळे एकाच दिशेने गोल गोल फिरतात. तिसऱ्या दिवसापासून आई उलटी फिरायला लागली. "निदान माणसांची तोंडं तरी दिसतात," ती म्हणाली. एका रिटायर्ड साहेबांनी माझ्याकडे तक्रार केली. मी हिंडण्या-फिरण्याच्या रकान्यात आठ लिहिले होते. आईने माझा खोडरबर घेतला आणि तिथं तीन केले.

पंचवटीत राजकारण इतकं मुबलक, की पहिले दोन दिवस पप्पा जेवायलाच घरी आले नाहीत. एका पानटपरीवर चार पक्ष. गल्लीगल्लीत वाढदिवसाचे बॅनर. पप्पांनी दहापैकी दहा देऊन टाकले. भाजी दाराशी, ताजी. पण आई सकाळी घाटाकडे निघाली की दर दहा पावलांवर एखादे गुरुजी अदबीने पुढे यायचे. "कुठून आलात, मावशी? कोणती पूजा?" चौथ्या दिवशी आई थांबली आणि म्हणाली, "नवऱ्याच्या नावानं करायचीय."

"काय त्रास आहे त्यांना?"

"त्यांना काही नाही. मला आहे. ते ऐकत नाहीत."

गुरुजींनी गंभीरपणे विचार केला आणि तीन दिवसांची शांती सुचवली. आईने घरी येऊन पप्पांना गुरुजींशी घासाघीस करून त्यातला एक दिवस कमी करून घ्यायला सांगितलं.

मग दिवाळी झाली आणि दोघं करंजनळीला गेले.

तिथं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. माझा बारकूमामा उभा होता, त्याच्या विरुद्ध गोरक्ष नावाचा तरुण गडी. पहिल्याच संध्याकाळी मामाने अंगणात मतदारयादी पसरली आणि चष्मेवाले म्हणून पप्पांना वाचायला बसवलं. पप्पा खुशीत एकेक नाव वाचत होते. मध्येच थांबले. "भागी किसन बेंडकोळी. वय चोपन्न."

भागी किसन बेंडकोळी म्हणजे माझी आई. तिच्या लग्नाच्या वर्षी तिचं नाव यादीत चढलं होतं आणि ती नाशिकला गेली तरी ते तिथंच राहिलं होतं.

"राहून गेलं आसंल," मामा खोकत म्हणाला.

मामी मात्र भोळी. "राहून कसलं? आक्काचं मत तर दर टायमाला पडतं!"

खोदून विचारल्यावर कळलं, की तेहतीस वर्षं आईच्या नावाने साळूबाई मत देत होती. साळूबाई गोरक्षची चुलती. म्हणजे आई इतकी वर्षं नेमाने आपल्या भावाच्या विरोधकांना निवडून देत होती. हे तिने मला त्र्यंबकच्या एसटीडी बूथवरून सांगितलं. हसताना तिचे मधले शब्द मला कळलेच नाहीत.

शाळेला अजून दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मतदानाच्या रविवारी मी तक्ता घेऊन करंजनळीला पोचले. शाळेच्या दोन खोल्यांसमोर रांग लागली होती आणि आई बूट घालून रांगेत उभी होती.

"तुझं मत द्वारकेला हाय. उगाच भानगड नको," पप्पा तिला समजावत होते.

"मत कोण देतंय? मला फक्त मी कशी दिसते ते बघायचंय."

तिच्यापुढं एक उंच, काटक बाई होती. टेबलाशी पोचल्यावर निवडणुकीच्या ड्युटीवरच्या थकलेल्या मास्तरांनी वर न बघता विचारलं, "नाव?"

"भागी किसन बेंडकोळी," ती बाई खणखणीत म्हणाली.

आईने तिच्या खांद्यावरून डोकं पुढं काढलं. "साहेब, मग मी कोण?"

साळूबाई वळली. तिने आईला वरपासून खालपर्यंत बघितलं, बुटांवर नजर जरा जास्त वेळ ठेवली. "कोण गं तू? पाहुणी दिसती."

"किसनची लेक, भागी."

"मी बी किसनचीच."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. गोरक्षचा पोलिंग एजंट म्हणाला, "हीच खरी भागी. मी ल्हानपणापासून वळखतो." त्याचं वय बावीस असेल. मास्तरांनी मग बारकूमामाला बोलावलं. "तुम्ही भाऊ ना? सांगा, यातली बहीण कोणती?"

मामाने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर गोरक्षवर गेली. तो रांगेकडे बघत बोटं मोजत होता, अगदी सावकाश. नंतर मला कळलं, की त्या रांगेत मामाच्या बाजूने अकरा जण असे उभे होते, ज्यांनी सांगितलेल्या नावांची खरी माणसं नाशिकला होती, मुंबईला होती, आणि दोन तर देवाघरी. एकाची चौकशी झाली असती तर अकरांची झाली असती.

मामाने मान खाली घातली आणि साळूबाईकडे बोट केलं. "ही."

"आणि ह्या बाई?"

"यांना मी नाय वळखत."

"बारक्या!" पप्पा ओरडले. एसटीत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज होता. मी आईकडे धावले. मला वाटलं ती रडेल. ती शाळेच्या पायरीवर बसली होती, तोंडात पदर कोंबलेला, आणि खांदे गदगदत होते. जवळ गेल्यावर कळलं, की ती हसतेय.

मास्तर बाहेर आले. "बाई, तक्रार नोंदवायची आहे का?"

"नको साहेब," आई डोळे पुसत म्हणाली. "सख्खा भाऊ नाही म्हणतो, म्हणजे मी नसेनच."

साळूबाईने मत दिलं आणि ती आमच्याकडे न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तहसीलला मोजणी झाली. गोरक्षला एकशे त्रेचाळीस, मामाला एकशे बेचाळीस. मामा घरी आला तो थेट गोठ्यात जाऊन बसला. पण गाव गप्प राहीना. बहिणीला ओळखलं असतं तर साळूबाईचं मत बाद होऊन दोघांची मतं सारखी झाली असती, निदान चिठ्ठी तरी टाकता आली असती, हा हिशेब पाणवठ्यावरच्या पोरींचाही करून झाला होता.

पप्पांनी बॅग भरली. "ज्या गावात माझी बायको कोणी नाही, तिथं मी कोण?" मी झटकन तक्ता उघडला आणि करंजनळीच्या राजकारणाला शून्य दिलं. बेरीज केली. इंदिरानगर दोन गुणांनी पुढं. मला आनंद लपवणं जड गेलं.

तेवढ्यात अंगणात साळूबाई आली. हातात फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी. ती आईसमोर बसली.

"तेहतीस वरसं तुझं नाव वागवलं," ती म्हणाली. "एकदा बी मत चुकवलं नाय. पावसात सुदा गेली. तू आसती तर गेली असती का?"

आईने प्रामाणिकपणे विचार केला. "नसते गेले."

"मंग? सकाळी वर येती का?" साळूबाईने हनुवटीने डोंगर दाखवला.

दुसऱ्या दिवशी दोघी उजाडताना निघाल्या त्या दुपारी उतरल्या. आईच्या पदरात आवळे होते, कोपर खरचटलं होतं आणि चेहरा लालबुंद झाला होता. मी विचारलं, "कितींना मागं टाकलं?"

"कोणालाच नाही," आई म्हणाली. "ती शेळीसारखी चढते. तिनं मला तीनदा मागं टाकलं आणि वर बसून वाट बघत राहिली." हे ती ज्या कौतुकाने बोलली, ते ऐकून मी तक्ता पर्समध्ये ठेवला. खटला माझ्या हातून गेला होता.

साळूबाईचा मुलगा सातपूरला कंपनीत होता, त्याच्या दोन खोल्या गावात बंद पडून होत्या. त्या तिने देऊ केल्या. आईने एकच अट घातली. "इथं राहायला आले, की माझं मत मी देणार."

"बरं," साळूबाई म्हणाली. "मला दुसरं नाव बघावं लागंल."

पप्पा दोन दिवस ऐकेनात. आईनेही मनवलं नाही. ती फक्त इकडेतिकडे बोलली, की यांना नाशिकच्या राजकारणाची आतली माहिती आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी गोरक्ष आला. सरपंच कोणाला करावं, यावर त्याला पाहुण्यांचा सल्ला हवा होता. पप्पांनी दिला. दुपारी मागच्या दाराने मामा आला. "दाजी, माझं चुकलं. पण आता त्या गोरक्षला आडवायचा कसा?" पप्पांनी आधी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, मग तोही सल्ला दिला. दोन्ही सल्ले बरोबर एकमेकांच्या विरुद्ध होते. आठवड्याभरात देवळासमोरच्या पारावर पप्पांची जागा ठरून गेली. माझ्याकडून तक्ता मागून घेऊन त्यांनी शून्याच्या आधी स्वतःच्या हाताने एक लिहिला.

"पंचवटीला पण दहाच आहेत," मी म्हणाले.

"तिथं मी ऐकत होतो," पप्पा म्हणाले. "इथं मी सांगतो."

डिसेंबरात टेम्पोने सामान गेलं. मी मुलीसाठी इंदिरानगरमध्येच धोंडाबाई नावाची एक प्रेमळ बाई शोधली, जी मला आधीही सापडली असती.

मामाची सुटका मात्र लवकर झाली नाही. तो वाटेत दिसला, की आई हात जोडून म्हणायची, "नमस्कार. आपण कोणाचे?" मामा बांधावरून शेतात उतरायचा. संक्रांतीला तो लुगडं घेऊन आला आणि पारावर भर गर्दीत त्याला तीनदा मोठ्याने म्हणावं लागलं, "ही माझी सख्खी बहीण भागी." मग आईने त्याला घरी नेऊन पुरणपोळी वाढली.

चार-साडेचार वर्षांनी, पुढच्या निवडणुकीच्या आधी, मी सुट्टीत गेले होते. आईने मलाही डोंगरावर ओढलं. त्या दोघी पुढं, मी धापा टाकत खूप मागं. वरच्या सपाटीवर पोचले तेव्हा दोघी कातळावर डोक्याला डोकं लावून बोटांवर नावं मोजत होत्या. मला बघून गप्प झाल्या.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"तू आधी पाणी पी," आई म्हणाली.