‘लेट’चा जुना अर्थ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. उचलायला दोन हात लागतात. मी छापला गेलो विलायतेत, आगबोटीने मुंबईला उतरलो आणि छोट्या रेल्वेने यवतमाळला आलो. तिथे इंग्रजीचे शिक्षक नीळकंठराव यांनी मला घरी नेले.

त्यांना जुन्या लिखाणातल्या चिमुकल्या शब्दांचा भारी नाद. ‘बट’ म्हणजे ‘पण’ हे सर्वांना ठाऊक; जुन्या पुस्तकांत तोच ‘बट’ कधी ‘फक्त’ होतो, कधी ‘वगळून’. असे काही सापडले की ते माझ्या समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत. वर्गात म्हणत, “मोठा शब्द अडला की आपण कोश उघडतो. लहान शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. फसवतो तोच!”

पुढे त्यांची दृष्टी गेली. मी कपाटाच्या मोडक्या पायाखाली गेलो. चार वर्षे तिथे पडून होतो. माझी पाठ उसवली, कडा वाळवीने खाल्ल्या. आपले काम संपले, असेच मला वाटत होते.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात सत्यशीला आली. ती नीळकंठरावांची विद्यार्थिनी. आता मारेगावजवळच्या आपल्याच गावात शिक्षिका होती. छप्पन साली तिच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरे ओढणे बंद केले. ज्यांच्या घराण्याकडे सरकारी कराराने गाव होते, त्या जुन्या इजारदाराचे चिरंजीव मारोतराव यांना त्याचा राग आला. त्यांनी तळ्याच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या. वस्तीची जनावरे कोसभर दूर नाल्यावर जाऊ लागली. त्या उन्हाळ्यात नालाही आटला.

“गुरुजी,” सत्यशीला म्हणाली, “आम्ही तहसिलीत अर्ज केला, तर मारोतरावांनी नव्वद वर्षांपूर्वीचा इंग्रजी करारनामा पुढे केला. त्यात लिहिलंय, इजारदाराने तळ्यावर कोणाही गावकऱ्याला ‘लेट’ करू नये. त्यांचे वकील म्हणतात, लेट म्हणजे परवानगी. म्हणजे कोणालाच परवानगी द्यायची नाही! परवा नायब तहसीलदार साहेब तळ्यावर निकाल द्यायला येताहेत.”

नीळकंठराव ताठ बसले. “कपाटाखालचा कोश काढ. दोन ‘लेट’ सापडतील. पहिला सोड, दुसरा वाच.”

तिने धूळ झटकली, पाने उलटली. समासात पेन्सिलीची अक्षरे होती. ती वाचू लागली, “लेट : अडथळा, अडवणूक. जुना प्रयोग.” तिने मान वर केली. “म्हणजे कोणाला अडवायचं नाही! गुरुजी, हे तर उलटंच झालं!”

“उलटं नाही पोरी, सुलटं झालं. घेऊन जा त्याला.”

एसटीत मी तिच्या मांडीवर होतो. किती वर्षांनी मला कोणी असे जपून धरले होते!

तळ्याच्या पाळीवर नायब तहसीलदार खुर्ची टाकून बसले होते. सत्यशीलाची आई धनीबाई पुढे झाली. “साहेब, इंग्रजी मले नाही समजत. पन तहानेल्या ढोरानं कोनाचं काय केलं? काहून अडवता त्याले?”

वकील म्हणाले, “आजच्या कोणत्याही कोशात लेट म्हणजे ‘परवानगी देणे’.”

“कागद आजचा नाही, साहेब,” सत्यशीला म्हणाली. तिने मला उघडून साहेबांपुढे धरले. “आणि खालचं कलम वाचा. जनावरांना उतरायला इजारदाराने घाट नीट राखावा. कोणाचंच जनावर येऊ द्यायचं नव्हतं, तर घाट कोणासाठी राखायचा?”

साहेबांनी माझे पान दोनदा वाचले, मग कागद वाचला आणि एकदम हसले. “टेनिस खेळताना सर्व्हिसचा चेंडू जाळीला अडखळून पलीकडे पडला, की आम्ही ‘लेट’ म्हणतो. इतकी वर्षं म्हणतोय, का ते आज कळलं!” मग ते गंभीर झाले. “कागद स्पष्ट आहे. अडवायचं नाही. वाट आत्ता मोकळी करा.”

मारोतराव सत्यशीलाकडे वळले. “कागद आमच्या पेटीत होता,” ते म्हणाले, “अन् वाचला हिनं.” त्यांनी गड्याला खूण केली. पण गडी येईपर्यंत वस्तीच्या बायांनीच फांद्या ओढून बाजूला फेकल्या होत्या.

आता मी सत्यशीलाच्या शाळेत असतो. मुलांनी माझी पाठ खळीने चिकटवली, खाकी कागदाचे वेष्टण घातले. मित्रांनो, जुने पुस्तक फाटले तर शिवा, टाकू नका. आणि ओळखीचा शब्द वेगळाच वागताना दिसला, तर त्याच्यापाशी थांबा, त्याची विचारपूस करा. एका शब्दाचा अर्थ चुकला, तर अख्ख्या गावाची वाट अडू शकते.

वाट मोकळी झाली त्या दुपारी धनीबाईची गाय पोटापर्यंत पाण्यात उतरली. पिऊन झाले तरी बाहेर येईना. धनीबाई काठावरून ओरडली, “राहू द्या तिले! आज तिले कोनी हाकलू नका!”