हरल्याचा दाखला

शरच्चंद्र वडनेरकर रायपूरच्या मंत्रालयातल्या एका खात्यात अवर सचिव होते आणि हरणं हा त्यांचा विषय होता. खात्याचं नाव सांगत नाही; सांगितलं नाही तरी प्रत्येक खात्याला ते आपलंच वाटेल. खात्याविरुद्ध कुणी कोर्टात गेलं की प्रभारी अधिकारी म्हणून वडनेरकरांचं नाव लागायचं. मग आधी बिलासपूरच्या हायकोर्टात हरायचं, तिथल्याच मोठ्या बेंचपुढे पुन्हा हरायचं, आणि शेवटी दिल्लीला जाऊन सुप्रीम कोर्टात हरायचं. इथवर कुठलंही राज्य करतं. वडनेरकरांची कारागिरी यापुढे सुरू व्हायची. सुप्रीम कोर्टानं हात जोडून घालवून दिल्यावर त्याच सुप्रीम कोर्टाला विचारायचं, एकदा पुन्हा बघता का? याला पुनर्विलोकन म्हणतात. मंत्रालयात रिव्ह्यू.

रिव्ह्यूमध्ये सहसा वकील उभा राहत नाही. ज्यांनी आधी नाही म्हटलं, तेच न्यायमूर्ती आपल्या खोलीत कागद वाचतात आणि पुन्हा नाही म्हणतात. अपवाद असतीलही. वडनेरकरांच्या वाट्याला कधी आला नव्हता.

मग जायचं कशाला? तर दाखल्यासाठी. उद्या विधानसभेत कुणी विचारलं, नवा मंत्री आला आणि त्यानं विचारलं, की तुम्ही शेवटपर्यंत का लढला नाहीत, तर फाइलीतून कागद काढून दाखवता आला पाहिजे : बघा साहेब, शेवटपर्यंत हरलो. तो कागद आला की सगळे मोकळे होत आणि समोरच्याचं जे काय असेल ते राजीखुशीनं देऊन टाकत. वैर कुणाचं कुणाशीच नव्हतं.

कुसुम दाणींचंही नव्हतं. रायपूरला लागूनच्या भनपुरीत एका सरकारी शाळेत त्या प्रधानपाठक, म्हणजे मुख्याध्यापिका, होत्या. शाळेचं मैदान रस्त्याला लागून, आणि भनपुरीत रस्त्याला लागून जे मोकळं असतं तिथं ट्रक उभा राहतो. पोरं मधल्या सुट्टीत ट्रकांच्या चाकांमधून लपाछपी खेळायची. एकदा ट्रक मागे घेताना एका पोरीच्या पायावरून चाक गेलं. कुसुमताई संध्याकाळी गोलबाजारात गेल्या, एक भलंमोठं पितळी कुलूप आणलं आणि फाटकाला ठोकलं. ट्रक ज्यांचे होते त्यांची ओळख वरपर्यंत होती. महिना उलटायच्या आत ताईंना जिल्हा कार्यालयात ‘अटॅच’ केलं. म्हणजे पद कागदावर, आणि बसायला जुन्या रेकॉर्डच्या खोलीत एक खुर्ची. चार्ज देताना शाळेची वस्तू न् वस्तू त्यांनी मोजून दिली. कुलूप तेवढं घरी आणलं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

पुढची वर्षं कोर्टात गेली. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं : या बाईंना त्याच शाळेत, त्याच पदावर बसवा. एप्रिलअखेर ताई रिटायर होणार होत्या.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या ब्राह्मणपाऱ्यातून ऑटो करून शंकर नगरला वडनेरकरांकडे आल्या. सोबत भाचा वरद, बिलासपूरला वकिली करणारा. वडनेरकरांच्या पत्नी मंजिरी आणि कुसुमताई एकाच भजनी मंडळातल्या, त्यामुळे हे येणं घरच्यासारखं होतं.

“आता तं झालं ना, शरदभाऊ?”

“होऊन राहिलं, ताई. फक्त एक रिव्ह्यू टाकू.”

“अजून? काहून?”

“हरायले,” वडनेरकर म्हणाले. “घाबरू नका. आम्ही हरणारच आहोत.”

“तुम्ही हरणार ते मले मालूम आहे. कधी हरणार ते सांगा.”

“संक्रांतीपर्यंत.”

“पक्कं?”

“ताई, या एका बाबतीत आमचं खातं शब्दाचं पक्कं आहे.”

मंजिरी हसल्या. वरद हसला नाही. तो मराठी समजायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा. “आत्या, अवमान याचिका लगा देते हैं. रिव्ह्यू डालने से आदेश रुकता थोड़ी है. सीधे सेक्रेटरी को बुलवाएंगे, हफ्ते भर में जॉइनिंग.”

पोरगा कायद्यानं बरोबर होता. म्हणूनच वडनेरकरांनी चहाचा कप खाली ठेवला. अवमानाची नोटीस सचिवांच्या नावानं येते, पण घाम प्रभारी अधिकाऱ्याला येतो.

“नको रे बाबा,” ते म्हणाले. “साहेब चिडले तर खरंच लढतील. आत्ता आम्ही प्रेमानं हरून राहिलो.”

“प्रेम से?” वरद म्हणाला.

“राहू दे वरद,” कुसुमताई म्हणाल्या. “शरदभाऊ घरचे आहेत.”

फाइल सुरू झाली. पहिल्याच पानावर प्रभारी अधिकाऱ्याच्या मताची जागा असते. तिथं दोनच वाक्यं शोभतात. एक : ‘रिव्ह्यू करण्याजोगं काही नाही, आदेश पाळावा.’ दुसरं : ‘शासनस्तरावर उचित निर्णय घ्यावा.’ वडनेरकरांनी नोकरीभर दुसरंच लिहिलं होतं. पेन तिथं आलं की उताराला लागायचं. याही वेळी लागलं. सही करताना त्यांच्या मनात कुसुमताई आल्या नाहीत असं नाही. आल्या, आणि सही होईपर्यंत शांत उभ्या राहिल्या.

फाइल विधी विभागात गेली. विभाग त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. पण फाइली जिन्यानं जात नाहीत, ‘योग्य मार्गानं’ जातात. संक्रांत मार्गातच गेली. ताईंनी तिळगूळ पाठवला आणि फोन केला.

“शरदभाऊ, हरले का?”

“अजून टाकायचाय, ताई.”

“बापा! तुम्हाले तं हरायलेही जमून नाही राहिलं.”

मुदत केव्हाच टळली होती. म्हणून रिव्ह्यूसोबत उशिराची माफी मागणारा अर्जही गेला. कारण : फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होती. हे कारण दिल्लीच्या न्यायमूर्तींनी इतक्या राज्यांच्या तोंडून ऐकलंय की एखादं राज्य वेळेवर आलं तर तेच चौकशी लावतील. अर्जात आणखी एक वाक्य होतं, दरवेळी असतंच : या विलंबामुळे उत्तरवादीचं कोणतंही नुकसान होणार नाही. उत्तरवादी म्हणजे कुसुमताई. खाली शपथेवर सही वडनेरकरांची.

मग दिल्लीहून कागद परत आले. जोडलेल्या एका पानाची झेरॉक्स फिकट होती. ते पान पुन्हा मार्गाला लागलं. होळी झाली, रामनवमी झाली. ताईंचे फोन कमी झाले. वडनेरकरांना वाटलं, समजूतदार बाई आहेत. एप्रिलअखेर रेकॉर्डच्या खोलीत दोन बाबूंनी समोसे आणले आणि कुसुम दाणी रिटायर झाल्या.

मे महिन्यात दाखला आला. उशिराबद्दल राज्याला चार कडक वाक्यं, आणि रिव्ह्यू फेटाळला. सेक्शनमध्ये कुणीतरी पेढे वाटले. वडनेरकर फाइल घेऊन सचिवांकडे गेले.

“यह तो होना ही था,” साहेब म्हणाले. “मैडम को जॉइन करवा दो.”

“सर, मैडम रिटायर हो गईं.”

“अरे!” साहेबांनी फाइल मागे उलटली, पार पहिल्या पानापर्यंत. “शरद, यह रिव्ह्यू चाहिए किसको था?”

“सर, आपकी स्वीकृति से ही...”

“मैंने विधि की राय पर साइन किया. विधि ने लिखा है, प्रभारी अधिकारी के मतानुसार. और तुम्हारा मत तो... इसमें मत कहाँ है, भाई?” साहेब रागावले नव्हते. त्यांना खरोखर कुतूहल होतं. “तुम लिख देते कि नहीं जाना है, मैं उसी दिन साइन कर देता. मेरी साली भी टीचर है, यार.”

घरी वडनेरकरांनी मंजिरीला हे सगळं सांगितलं. मंजिरींनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, “त्या पोराले अवमान टाकू दिला असता तर?”

रविवारी ते ब्राह्मणपाऱ्यात गेले. दाखल्याची प्रत कुसुमताईंच्या हातात दिली. “जिंकलात, ताई.”

“पुन्हा?” त्या म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी कागद वाचला. घडी घालून मांडीवर ठेवला. कोपऱ्यात फडताळावर ते पितळी कुलूप होतं, नुकतं घासलेलं.

“एक विचारू, शरदभाऊ? एवढे लोक. इतक्या सह्या. एकानं, एकानंही लिहिलं नाही का, की या बाईले जाऊ द्या म्हणून?”

वडनेरकरांना फक्त त्या चेहऱ्याकडे बघवेना. एवढंच झालं. “लिहिलं होतं ना, ताई,” त्यांच्या तोंडून निघालं. “मी लिहिलं होतं. वरच्यांनी ऐकलं नाही.”

ताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. “मले वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मराठी मंडळानं कुसुमताईंचा निवृत्तीचा सत्कार ठेवला. हॉलमध्ये दोन कूलर होते आणि दोन्ही कूलर आवाजच काढत होते. अध्यक्ष नरहर पांढरीपांडे शाल घेऊन पुढे झाले, तशा ताई माइकपाशी गेल्या.

“ही शाल माझी नाही. सरकारात एक माणूस निघाला, ज्यानं वरच्यांच्या विरोधात लिहिलं. माझी शाल त्याले द्या.”

वडनेरकर खुर्चीतून उठले नाहीत. त्यांना उठवण्यात आलं. रायपूरचा मे महिना, अंगावर लोकरीची शाल, हातात नारळ. पहिल्या रांगेत मंजिरी पायांजवळच्या फरशीकडे बघत होत्या. ताईंनी पिशवीतून कुलूप काढून टेबलावर ठेवलं.

“माझं जाणं आता होत नाही. पण फाटक अजून उघडंच आहे आणि ट्रक आतच आहेत. शरदभाऊ, शाळेच्या फाटकाले हे तुमच्या हातानं लावून द्या. ज्यानं लिहिलं, त्याच्याच हातानं.”

टाळ्या झाल्या. माइक वडनेरकरांच्या तोंडाशी आला. त्यांनी कुलपाकडे पाहिलं. ते साधं कुलूप होतं, पण त्यांना ते उचलता येणार नाही हे त्यांना समजलं.

“मी...” ते म्हणाले, “मी तसं काही लिहिलं नव्हतं.”

नरहररावांनी टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, “याले म्हणते विनय!”

“नाही, खरंच लिहिलं नव्हतं,” वडनेरकर जरा मोठ्यानं म्हणाले. टाळ्या वाढल्या. एक आजोबा डोळे पुसू लागले.

टाळी वाजवत नव्हत्या त्या दोघीच, मंजिरी आणि कुसुमताई. ताई जवळ आल्या. माइक त्यांनी हातानं बाजूला केला.

“नव्हतं लिहिलं?”

“नव्हतं.”

“मग काय लिहिलं होतं?”

“शासनस्तरावर उचित निर्णय घ्यावा.”

उत्तर अर्धवट देणाऱ्या मुलाकडे मास्तरीण बघते तशा त्या थोडा वेळ बघत राहिल्या, पुढे आणखी काही येतंय का म्हणून. वडनेरकर शाल काढू लागले.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मंडळाची आहे.”

त्यांनी कुलूप उचलून पुन्हा पिशवीत टाकलं आणि पायऱ्यांशी उभ्या असलेल्या वरदला हाक मारली. “उद्या गाडी काढशील. भनपुरीले जाऊ. मीच लावते.”

“आत्या, अब आप पद पर नहीं हो. सरकारी फाटक है. विभाग वाले केस कर देंगे.”

“करू दे,” कुसुमताई म्हणाल्या. “हरतील.”

त्या मागे न बघता पायऱ्या उतरल्या. माइकवर नरहरराव सांगत होते की असे अधिकारी आता दुर्मिळ झाले आहेत. वडनेरकर शालीत भिजत उभे होते, नारळ दोन्ही हातांत धरून. ती केस झाली तर प्रभारी अधिकारी कोण असेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.