वहिनीच्या कपाळावरची आठी

माझी धाकटी नणंद इंजिनिअरिंग कॉलेजात धातूशास्त्र शिकवते. घरात तिला सगळे बारकी म्हणतात. केस पिकायला लागले, चष्मा लागला, तरी बारकीच. वर्गात ती उभी राहिली की मुलं जागची हलत नाहीत म्हणे. पण तिच्यासमोर मोबाइलचा कॅमेरा लावला की ही बाई निधनवार्ता वाचल्यासारखी बोलायला लागते.

आणि नेमकं तेच तिच्या वाट्याला आलं. पहिल्या वर्षाचा तिचा विषय ऑनलाइन करायचं कॉलेजनं ठरवलं. विभागप्रमुखांनी तिला सांगितलं, "शुक्रवारपर्यंत नमुन्याचा एक व्हिडिओ द्या मॅडम. नाही जमला तर आपण बाहेरून तयार व्हिडिओ घेऊ. तुम्ही नुसते पेपर तपासा, तेवढाच तुम्हाला आराम."

"आराम!" बारकी आमच्या स्वयंपाकघरात येऊन धपकन बसली. "वहिनी, मला शिकवायचंय गं. पेपर तपासायला मी कशाला हवी?"

तिच्या घराशेजारी बांधकाम चाललं होतं, म्हणून रेकॉर्डिंग आमच्याकडे करायचं ठरलं. तिनं जेवणाच्या टेबलावर पुस्तकांची चळत रचली, त्यावर मोबाइल उभा केला, समोर बसली आणि म्हणाली, "नमस्कार विद्यार्थी मित्रहो." तिथंच अडकली. पाणी प्यायली. पुन्हा नमस्कार. पुन्हा पाणी. दुपार सरली तरी तिची गाडी काही मित्रहोंच्या पुढे जाईना.

"कुणाशी बोलू मी?" ती वैतागली. "त्या काळ्या ठिपक्याशी? वर्गात एकाचा जरी चेहरा वाकडा झाला तरी मला कळतं, कुठं माती खाल्ली ते. हा ठिपका मेला काहीच बोलत नाही."

"मग माझ्याशी बोल," मी म्हटलं. "मी मागं बसून मटार सोलते. मला तुझं ओ का ठो कळत नाही, एवढं सोडलं तर मी बरी विद्यार्थिनी आहे."

मोबाइलच्या मागं खुर्ची ओढून मी बसले आणि बारकीची कळी खुलली. धातू दमतो कसा, ते ती सांगायला लागली. लोखंडाची कांब एका झटक्यात तोडायला भलता जोर लागतो. पण तीच कांब थोड्याशा जोरानं पुन्हा पुन्हा वाकवत राहिलं तर एक दिवस मोडते.

"बायकांचंही तसंच असतं," मी पुटपुटले.

"वहिनी, रेकॉर्डिंग चालू आहे!"

"बरं, बरं. चालू दे."

तिनं कागदाला लावायची क्लिप घेतली, सरळ केली आणि मागंपुढं वाकवायला लागली. बोलता बोलता क्लिप कट्कन तुटली. बारकी विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघायला लागली. पण माझ्या कपाळाला आठी पडली होती. मला माझा चेहरा कधी झाकता आला नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा सगळं दिसतं.

"काय झालं?"

"थांब जरा. मघाशी वाकवलीस तेव्हाही जोर तेवढाच होता ना? मग तेव्हा नाही तुटली, आताच का तुटली? तिला काय मोजता येतं?"

बारकीनं तुटलेलं टोक निरखलं. मग खुर्चीतच पुढं सरकली. तिच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी कधी तिच्या वाढदिवसालाही पाहिली नव्हती. "मोजता येत नाही वहिनी, पण प्रत्येक वेळची खूण राहते. आधी एक केसाएवढी भेग पडते. दर वेळी ती किंचित आत सरकते. जोर तेवढाच असतो, पण तो सोसायला उरलेला धातू कमी कमी होत जातो. शेवटी उरतो त्याला तेवढाही पेलवत नाही." तिनं क्लिपचे दोन्ही तुकडे कॅमेऱ्यासमोर धरले. मला लख्ख कळलं. मटार तसेच राहिले.

माझा आवाज कापून टाकायचा म्हणून ती मग कॉम्प्युटरला डोळे लावून बसली. कापलाही. पण माझा प्रश्न गेल्यावर तिचं उत्तर अधांतरी लटकायला लागलं. ही बाई भिंतीला काय समजावतेय, असं वाटे. तिनं दोनतीनदा बघितलं आणि कापलेला तुकडा परत जागेवर लावला.

"बायकांचं वाक्य तरी काढ," मी म्हटलं.

"ते तर मुळीच नाही काढणार."

तोंडानं म्हणाली खरी, पण व्हिडिओ पाठवल्यावर तिला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी फोन आलाच. बारकीनं तो स्पीकरवर टाकला आणि माझा हात घट्ट धरला. "मॅडम, मागं कोण बोलतंय? आणि ते कुडुमकुडुम काय वाजतंय?" विभागप्रमुखांचा आवाज काही रागावलेला नव्हता, नुसता चक्रावलेला होता. बारकीनं वहिनीचं आणि मटारच्या शेंगांचं खरं ते सांगितलं. मग ते म्हणाले, "दोन्ही व्हिडिओ मुलांना देऊन बघू. बाहेरचाही आणि तुमचाही. मुलं ज्याला धरून राहतील, तो घेऊ."

मुलांनी कुठपर्यंत पाहिलं, कुठं सोडून दिलं, हे आजकाल कॉम्प्युटर रेघ काढून दाखवतो. आठवड्यानं बारकी कॉलेजातून आली ती चपलांसकट थेट आत.

"वहिनी, बाहेरच्या व्हिडिओची रेघ घसरगुंडीसारखी! सुरुवातीचं संगीत संपलं की निम्मी मुलं पसार. आपली रेघ हळूहळू उतरत जाते आणि मध्येच एकदम टेंगूळ येतं. तेवढाच भाग मुलांनी मागं नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलाय. सरांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, मॅडम, इथं काय आहे?"

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, इथं माझी वहिनी आहे."

मी उगीचच ओट्याला फडकं मारायला लागले. ओटा स्वच्छच होता.

विषय बारकीकडं राहिला. पुढचे धडे करायचे तर वहिनींना बसवा, फक्त शेंगा नकोत, असा निरोपही आला. मग आमचं रोजचंच झालं. माझं घरकाम आटपलं की ती यायची आणि मी मागं बसायची. ती पुस्तकं टेबलावरच ठेवून जायची. मला छापील कागद दिसला की राहवत नाही, पूर्वीपासूनचीच खोड. येताजाता मी चाळायची, अडलं तर मागचं पान काढून बघायची.

तीच खोड अंगाशी आली. एक दिवस बारकी सांगत होती, "तापलेलं पोलाद एकदम पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग काय करायचं?"

"पुन्हा बेतानं तापवायचं," मी म्हटलं. "म्हणजे चिवटपणा येतो."

बारकीनं कॅमेरा बंद केला. "वहिनी, आठी कुठं गेली?"

"कळलं की नाही पडत गं."

"मग तू गेलीस कामातून!" ती असं म्हणाली आणि उठून तिनं मला गच्च मिठी मारली.

नवा चेहरा शोधणं आलं. आधी आमच्या ह्यांना बसवलं. पण हे प्रत्येक वाक्याला मान डोलवतात. माझ्या बोलण्याला डोलवतात तशीच. बारकी म्हणाली, "दादा, ऊठ. तुझ्यापेक्षा ठिपका बरा."

शेवटी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच तर, आई!"

सासूबाई केस नीट विंचरून आल्या. तुम्ही कॅमेऱ्यात दिसणार नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. खुर्चीत ताठ बसल्या, हात मांडीवर ठेवले. बारकीनं मोबाइल सुरू केला, हसून श्वास घेतला आणि तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "आधी हे सांग, त्या पोरांना हे सगळं लागतं कशाला?"

बारकीनं मोबाइलकडं पाहिलं. मी दारातून बघत होते. रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा चालूच होता, आणि तिनं तो बंद केला नाही.

"सांगते आई," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढं ओढून सांगायला लागली.