शिशाचं काळीज

शिसं ओतून भीती काढणाऱ्या पेत्कानाच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सुट्टीत आफ्रिकेतल्या झांझिबार बेटावर निघालेलं अर्धं गाव द्राक्षवेलीच्या मांडवाखाली ताटकळत उभं होतं. कुणी पोरं आणली होती, कुणी पासपोर्ट, एकाने तर बॅगच आणली होती.

स्टुलावर पाच वर्षांची बिल्याना बसली होती, डोक्यावर लाल फडकं. पेत्कानाने पळीतलं वितळलेलं शिसं समोरच्या वाडग्यातल्या गार पाण्यात ओतलं. चर्रर्र! तिने काटेरी गोळा वर काढला.

"बघा, सुया! पोरीचा वैरी डास नाही, सुई आहे! लस टोचाल तर आजाराला आवतण द्याल!"

पुन्हा ओतलं, काटे कमी झाले. तिसऱ्यांदा काळजाच्या आकाराचा गुळगुळीत गोळा निघाला. अंगणभर "आहा" झालं.

"भीती गेली! आता आफ्रिकेतला ताप हिला पाहून पळेल."

"पाहिलंस, सूनबाई?" सासूबाई त्सोन्का कुजबुजल्या. "उद्याचा दवाखाना रद्द कर."

बिल्यानाची आई झोर्नित्सा पेत्कानाचा हात बघत होती.

"आता यातलं तीन घोट पाणी पी, बाळे," म्हणत पेत्कानाने वाडगा बिल्यानाच्या ओठांशी नेला.

"खबरदार!" झोर्नित्साने तो हिसकावूनच घेतला.

"अगं, चारचौघांत काय शोभा करतेस!" सासूबाई म्हणाल्या.

"होऊ दे शोभा, आई. शिसं पोरांच्या मेंदूला बाधतं. माझी मुलगी हे पाणी पिणार नाही."

पेत्काना फणकारली, "शिकल्यासवरल्यांचा विश्वास नसतो, म्हणून त्यांना गुण येत नाही."

"मग बॅगेवर करून दाखवा. तिला तर विश्वासही नाही, अविश्वासही नाही." झोर्नित्साने लाल फडकं शेजाऱ्याच्या बॅगेवर टाकलं आणि वाडगा तिच्यासमोर ठेवला. लोक हसले. चिडलेल्या पेत्कानाने हात उंच नेऊन शिसं ओतलं. काटेच काटे!

"बॅगेलाही टोचून घ्यायची भीती वाटते वाटतं?" मागून कुणीतरी ओरडलं.

झोर्नित्साने पळी घेतली. "आधी पेत्काना आजी उंचावरून ओततात. शिसं आदळून फुटतं, गारठून काटे धरतं. शेवटी हात पाण्याजवळ आणतात, अलगद ओततात, गोळा अखंड राहतो. हे बघा." तिने पाण्यालगत हात नेऊन ओतलं. पहिल्याच खेपेला काळीज!

"घ्या, बॅग बरी झाली!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

पेत्कानाचा आवाज चढला. "आणि परदेशात पोरीला काही झालं तर?"

याच विचाराने झोर्नित्साची झोप उडाली होती. पण ती मागे हटली नाही.

"तीच भीती आहे मला. म्हणून तर उद्या कावीळ आणि विषमज्वराची लस टोचून घेणार. तेवढ्यानं भागत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. हिवतापाच्या गोळ्या घेऊ, मच्छरदाणी लावू, पाणी उकळून पिऊ. माझी भीती काढू नका, आजी. तीच मला दवाखान्यात नेते."

त्सोन्काबाईंनी सुनेसमोरचा वाडगा उचलला, क्षणभर पाण्याकडे बघितलं आणि तो स्टुलाखाली ठेवून दिला. मग हळूच विचारलं, "माझ्या वयाला कुठली लागते गं? मीही येतेच आहे ना."

प्रवासाला निघताना भीती वाटणं यात लाज कसली? डॉक्टरांना विचारा, पटेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा. आणि ज्याला प्रश्न विचारलेलाच खपत नाही, त्याच्या हातचं पाणी आपल्या पोराला पाजू नका.