ढब्बूचा वाडगा

मित्रांनो, माझ्या काठाला पोचे आहेत, बुडाला ओरखडे आहेत, आणि खरं सांगायचं तर मधल्या काळात माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. मी एक जुना ॲल्युमिनियमचा वाडगा, शिंप्याच्या घरचा. पूर्वी माझ्यात इस्त्री करताना कपड्यांवर शिंपडायचं पाणी असे. किती शांत दिवस होते ते. मग घरात ढब्बू नावाचं पिल्लू आलं आणि मी जमिनीवर आलो.

पिल्लाचं मला ओझं नव्हतं. वैताग होता तो आमच्या मालकांचा. कुठलीही शिवण झाली की ती दोन्ही हातांनी ओढून बघायची, ही त्यांची सवय. टिकली तर पक्की. त्यांनी तीच परीक्षा ढब्बूला लावली. ढब्बूने चार घास घेतले की मला खस्सकन ओढायचं.

"आत्तापासून सवय लावायला हवी," ते बायकोला सांगत. "नाहीतर उद्या डोक्यावर बसेल."

सवय लागली खरी. मालकांची पावलं वाजली की ढब्बू बकाबका गिळू लागला. मग माझ्यावर पाय रोवून उभा राहू लागला. शेवटी गुरगुरला. एकदा रिकामं रीळ घेऊन टेबलाखाली बसला, तेव्हा मालकांनी जबडा उघडून ते काढलं. त्यानंतर तो चिंधीसुद्धा कुणाला देईना.

"माझंच खातो आणि माझ्यावरच गुरगुरतो?" मालक म्हणाले. "उद्या गिऱ्हाइकाच्या पोराला चावला तर? पलीकडच्या गोदामाचा राखणदार सुट्टीवरून आला की ह्याला त्याच्याकडे देऊन टाकतो."

मालकांची धाकटी मुलगी दाराआड जाऊन रडली. मी काय करणार? मला हात नाहीत. नाहीतर कपाळावर मारून घेतला असता.

काजं-बटणं करता करता मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "अहो, शिवण ओढून बघता ती पक्की झाल्यावर ना? टाका घालतानाच दोरा ओढत बसलात तर काय होईल?"

"तुटेल."

"मग ढब्बूचं वेगळं काय होतंय?"

मालक सुई ओवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ढब्बूचं जेवण बाईंनी स्वतःकडे घेतलं, आणि तो जेवताना मला कुणी हात लावेना. ढब्बू जेवत असला की लांबूनच जायच्या, उकडलेल्या अंड्याचा तुकडा माझ्याजवळ टाकायच्या आणि पुढे निघून जायच्या. तो गुरगुरला तर रागवायच्या नाहीत, फक्त आणखी लांबून जायच्या. रीळ हवं असेल तर आधी दुसरं काही चविष्ट पुढे करायच्या, त्याने आपणहून सोडलं की शाबासकी, आणि पुष्कळदा रीळही परत. हळूहळू पावलं वाजली की शेपूट हलू लागलं. मालक सगळं बघत होते.

राखणदार आला तेव्हा ढब्बू जेवत होता. ढब्बूबरोबर मलाही द्यायचं म्हणून मालक मला उचलायला वाकले. जुनी खोड, दुसरं काय. मी धसकलो. ढब्बूने मान वर केली, आपणहून मागे सरला आणि मालकांच्या हाताकडे आशेने बघत बसला. हात रिकामा होता.

मालक तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, "अगं, अंडं आहे का गं?"

आणि राखणदाराला म्हणाले, "आलाच आहात तर शर्टाचं माप देऊन जा."

मित्रांनो, घास घेणाऱ्या जिवाला उठवू नये, एवढं साधं आहे हे. गुरगुरणं म्हणजे त्याचं 'नको ना' म्हणणं. ते मारून गप्प केलंत तर तो पुढच्या वेळी न सांगता चावेल. तुम्ही लहान आहात, तेव्हा जेवणाऱ्या पिल्लाजवळ एकटे जाऊच नका. आणि घरातलं मोठं माणूस माझ्यासारख्या वाडग्याला ओढताना दिसलं, तर त्याला एवढंच विचारा की हातात काय आणलंय.