डाव्या कानाची फिरकी

जन्मली तेव्हा तिचा चेहरा इतका सुरकुतलेला होता, की बापाने तिला मनुकी म्हटलं. पाच महिन्यांत गाल टम्म भरले तरी नाव तेच राहिलं. तिचे कान टोचायचा विषय काढला तो आजीने, म्हणजे बापाच्या आईने. वाळलेली झबली घडी करताना ती सहज म्हणावं तसं म्हणाली, की लशींचे डोस वेळेवर झालेत, पोर अंगानेही बरी आहे, आता कान टोचून घ्यायला हरकत नाही.

सुनेला ते पटलं नाही. ती एका मोठ्या दवाखान्यात लोकांना ऐकू येतं की नाही हे तपासायचं काम करायची. आवाज आत न येणाऱ्या केबिनमध्ये माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीकसा आवाज आला की बटण दाबायला सांगायचं. शेजारची खोली कानाच्या डॉक्टरांची. तिथे येणाऱ्या फाटलेल्या पाळ्या, पिकलेले कान, झोपेत कानातलं अडकून रक्ताने भरलेल्या उशा, सगळं तिच्या कानावर पडायचं. ती म्हणाली, एवढ्यात नको, मोठी झाल्यावर मनुकीच ठरवेल.

नवऱ्याने हसण्यावारी नेलं. दिवसभर लोकांचे कान बघतेस आणि पोरीच्या कानाला घाबरतेस, असं म्हणाला. ती म्हणाली, बघते म्हणूनच घाबरते. मग तुम्ही दोघी काय ते ठरवा, म्हणून तो अंग काढून मोकळा झाला. सोफ्यांना कापड बसवण्याचं त्याचं दुकान होतं, आणि बायका भांडायला लागल्या की दुकानात त्याला हमखास काम निघायचं.

भांडण मात्र झालं नाही. आठवडाभराने आजीने सुनेला खिडकीपाशी बोलावलं आणि डाव्या कानावरचे केस मागे सारले. खालची पाळी अर्धी नव्हतीच. कातडी आत ओढल्यासारखी गोळा झालेली होती.

"सतरा वर्षांची होते," आजी म्हणाली. "मैत्रिणींनी टोचले म्हणून मीही टोचले. पिकला, मी घरात सांगितलं नाही. शेवटी कापावा लागला. लहानपणी टोचलं की पटकन भरतं म्हणतात. हिच्यावर ती पाळी येऊ नये, एवढंच."

चार वर्षं एका घरात राहून सुनेला हे दिसलं नव्हतं, आणि ही बाई केस नेहमी एकाच बाजूला का घेते हे विचारायचंही सुचलं नव्हतं. त्यानंतर तिला नाही म्हणवेना. होय म्हणतानाही जीव घाबरत होता, पण ती होय म्हणाली.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे शनिवारी सकाळी जायचं ठरलं. गाडी लावून येतो म्हणून गेलेला बाप सगळं आटोपल्यावरच उगवला. डॉक्टरीणबाईंनी शाईचे दोन ठिपके काढले, मोजून पाहिले, आईला बाळाचं डोकं छातीशी घट्ट धरायला सांगितलं. मनुकी एकदा ओरडली, दुसऱ्यांदा त्याहून मोठ्याने ओरडली, आणि पाच मिनिटांत डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याकडे हात करू लागली. कानांत मोहरीएवढे सोन्याचे मणी आले. मणी पुढे, बारीक दांडी पाळीतून आरपार, आणि मागे फिरकी.

काळजी कशी घ्यायची ते डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. आधी हात धुवायचे. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून दिवसातून दोनदा पुसायचं. कानातलं गोल फिरवायचं नाही, काढायचं नाही. फिरकी मुद्दाम सैल ठेवली आहे, पाळी थोडी सुजते तेव्हा तिला जागा लागते. लाली वाढली, पू दिसला तर लगेच यायचं.

आईच्या डोक्यात एकच शब्द राहिला, सैल. सैल म्हणजे पडणार. पडली की मनुकी उचलणार, आणि मनुकी उचलेल ते तोंडात घालते. तेवढ्यावर न थांबता ती घरात सगळ्यांना हेच सांगत सुटली. फिरकी पोटात गेली तर एक वेळ ठीक, श्वासनळीत गेली तर काय, असं ती चहा पिताना म्हणायची, दार ओढून घेताना म्हणायची. कामावर जाण्याआधी दोन्ही कान बघायची, आल्यावर चप्पल काढण्याआधी बघायची. आजीही डोळ्यांत तेल घालून त्या फिरक्यांवर पहारा देत बसायची.

नवव्या दिवशी सकाळी डावी पाळी आईला जरा लाल वाटली. तिला उशीर झाला होता. मणी जागेवर आहे एवढं पाहून, संध्याकाळी नीट बघू म्हणत ती निघाली.

केबिनमध्ये फोन बंद ठेवावा लागे. अकराच्या सुमाराला तिने तो सुरू केला, तर घरून सात फोन येऊन गेलेले. तिने लावला तेव्हा आजीला धड बोलता येईना. डाव्या कानाची फिरकी नव्हती. मणी होता, मागे फिरकी नव्हती. सगळीकडे शोधली, आणि मनुकीला मघापासून खोकला येत होता.

ती घरी पोचली तेव्हा बिछान्यावरची चादर जमिनीवर होती आणि आजी गुडघ्यांवर बसून फरशीवरून तळहात फिरवत होती. नवरा दुकानातून धावत आला होता. त्याने सोफ्याची शिवण उसवून आतला स्पंज बाहेर काढला होता आणि त्या ढिगाऱ्यात तो नुसता उभा होता. मनुकी पाळण्यात होती. ती खोकली. साधाच खोकला. तिने मुलीला उचललं, छातीला कान लावला. दुसऱ्यांचे कान तपासणाऱ्या तिला स्वतःच्या हृदयाच्या धडधडीपलीकडे काही ऐकू येईना.

डावी पाळी आता सुजून चमकत होती. मागच्या बाजूला खपली आणि थोडा पू. आईने हात लावताच मनुकी किंचाळली.

दवाखान्यात जाताना गाडीत आई मुलीच्या छातीकडे बघत श्वास मोजत होती आणि प्रत्येक वेळी तिसाच्या पुढे तिचा आकडा चुकत होता. एखादा श्वास जरा लांबला की तिचाही थांबायचा. मनात ती सकाळच्या त्या एका मिनिटाकडे परत परत जात होती. कान थोडा वळवून मागे पाहिलं असतं तर. आजी तिच्याकडे बघत नव्हती. तिने पिशवीचा बंद बोटांना इतका आवळून गुंडाळला होता की बोटं पांढरी पडली होती.

तपासणीला एक तरुण डॉक्टर होता. खोकला आणि हरवलेली फिरकी ऐकल्यावर त्याने आधी एक्स-रे काढायला पाठवलं. मोठ्यांपैकी एकालाच आत जाता येणार होतं. आईने जड एप्रन अंगावर चढवला, मनुकीचे दोन्ही हात डोक्याशी धरून ठेवले आणि मनातल्या मनात म्हणत राहिली, पोटात असू दे, फक्त पोटात असू दे.

फोटो काढणाऱ्या बाई जाड चष्म्याच्या, शांत होत्या. डॉक्टरही पडद्यापाशी येऊन उभा राहिला. त्याने छाती पाहिली, पोट पाहिलं, दोन्हीकडे काही नव्हतं. तो परत पाहायला लागला. तेवढ्यात बाईंनी पडद्याच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. मनुकी इतकी छोटी होती की तिचा जबडा आणि कानही फोटोत आले होते.

"उजव्या कानात मणी आणि फिरकी," बाई म्हणाल्या. "डाव्यातही दोन्ही दिसतात."

डॉक्टरने चिमटीत डावी पाळी अलगद धरली. सुजेच्या आत त्याला कडक खडा लागला. फिरकी कुठेच गेली नव्हती. ती पाळीच्या आत रुतली होती आणि वरून कातडी चढायला लागली होती. खोकला नुसता सर्दीचा होता.

आईला हसू फुटलं आणि लगेच रडू आलं. पण डॉक्टरचं अजून संपलं नव्हतं. त्याने विचारलं, फिरकी घट्ट कोणी केली होती का.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने नाही म्हणून मान हलवली. मग आजी बोलली.

"परवा मी केली. सैल वाटली. पडेल, गिळेल, म्हणून दोन वेढे आवळली."

नवरा काहीतरी बोलणार होता. आईने त्याच्या दंडावर हात ठेवला. पडेल, गिळेल, हे नऊ दिवस घरात कोण म्हणत होतं ते तिला माहीत होतं.

पाळी बधिर करायची सुई फिरकी काढण्याहून वाईट होती. मनुकीला टॉवेलमध्ये गुंडाळलं. आईने खांदे धरले, आणि डोकं धरायला आणखी कोणी हवं असं डॉक्टर म्हणाला, तर बाप या वेळी कुठे गेला नाही. त्याने धरलं आणि सगळा वेळ भिंतीकडे बघत राहिला. मनुकीच्या रडण्याला सूर उरला नव्हता, नुसता घसा फाटत होता. एकदा ती आवाजच न करता लाल झाली, आणि तेवढ्या दोन क्षणांत आई पार आतून रिकामी झाली. मग श्वास आला. ताटलीत टिणकन काहीतरी पडलं.

डॉक्टरने सांगितलं, भोक आता बुजेल, औषध पाच दिवस, पाळीचा आकार बहुतेक नीट राहील. तो 'बहुतेक' आईने उचलून घरी आणला. उजव्या कानाचं काय, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तोही काढा."

पुढचे दोन दिवस तिने रजा घेतली. ताप आला नाही, सूज उतरायला लागली. पण आजीने मनुकीला उचलणं सोडलं. कोणी समोर असेल तरच बाटली द्यायची, रडली तर आवाज द्यायची, पण हात लावायची नाही. दुसऱ्या संध्याकाळी आतल्या खोलीत ती मुलाला सांगताना ऐकू आली, की पोरीसाठी एखादं पाळणाघर बघ, माझ्याच्याने आता व्हायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सून कामावर जायला तयार झाली. तिने हात धुतले, मलमाची ट्यूब घेतली आणि आजीसमोर बसली.

"आई, दुपारचं मलम तुम्हाला लावायचंय. आत्ता माझ्यासमोर लावा."

"माझा हात थरथरतो गं."

"माझाही थरथरतो. हे बघा." तिने हात पुढे केला. तो खरंच थरथरत होता. "ती माझ्याकडे असली तरी मी घाबरणार आणि तुमच्याकडे असली तरी घाबरणार. घाबरायचंच आहे, तर दोघी मिळून घाबरू."

आजीने हात धुतले, फार वेळ धुतले. मग बोटाच्या टोकावर मलम घेऊन पाळीला लावलं. मनुकीने तोंड वाकडं केलं आणि आजीचं नाकच धरलं.

त्या दिवशी सुनेने घरी चारदा फोन केला. चारही वेळा पहिल्याच रिंगला उचलला गेला. संध्याकाळी ती आली तेव्हा आजी खुर्चीत ताठ बसली होती आणि मनुकी तिच्या छातीवर झोपली होती, डावा कान वर करून. जागी होईल म्हणून आजी दोन तास हलली नव्हती. सुनेने मुलीला अलगद घेतलं, पाळण्यात ठेवलं, आणि आजीला मुंग्या आलेल्या पायांवर उठता येईना तेव्हा तिला हात दिला.