मागच्या सीटवरून वरचं तळं

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण तुमच्या ओळखीच्या सायकलींसारखी एकटीदुकटी नव्हे. मला सीट दोन, हँडल दोन आणि पायडलांच्या जोड्याही दोन. लोक मला बघून हसतात. हसू देत. माझ्यावर बसणाऱ्या दोघांचे पाय एकाच साखळीला बांधलेले असतात. एकाने हट्टाने पाय थांबवले की दुसऱ्यालाही थांबावं लागतं, त्यामुळे माझ्यावर बसून कुणाला फार वेळ रुसता येत नाही.

एका छोट्या कारखान्यातल्या वेल्डरने मला घडवलं. त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं आणि त्या दिवसांत त्याला सगळंच जोडीनं सुचायचं, असं बाकीचे कामगार म्हणत. पुढे मी एका दुकानात भाड्याने फिरले. हौशी जोडपी मला ऐटीत घेऊन जात आणि पहिल्याच वळणावर खांबाला भेटून परत येत. लोकांची हौस फिटल्यावर मला मागच्या शेडमध्ये ढकललं गेलं. तिथे कोंबड्या माझ्या हँडलवर झोपत. कोंबड्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्या निदान रोज येत तरी होत्या.

तिथून मला सोडवलं बेकरीवाल्या काकांनी. काका पाव भाजायचे आणि काकू घरात बसून लोकांचे कपडे शिवायच्या. काकांनी मला घरी आणलं तेव्हा काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, ही ठेवणार कुठे? आपल्यालाच घरात जागा नाही." पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या सीटांना मऊ कापडाची दोन कव्हरं शिवली. मला पॅसेजमध्ये जागा मिळाली, अगदी स्वयंपाकघराच्या दारासमोर. तिथून मला सगळं दिसायचं.

"ड्रायव्हर मी, इंजिन ही," असं काका सगळ्यांना सांगत.

"आणि हॉर्न?" काकू विचारत.

"तोही तूच!"

अशी आमची बरीच वर्षं मजेत गेली. बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं गावाबाहेर हिंडून यायचो.

मग काकूंच्या नजरेचं दुखणं सुरू झालं. सुईत दोरा ओवताना आधी वेळ लागू लागला, मग शेजारणीला हाक मारावी लागू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून हळूच सांगितलं, "काकू, जे बघायचं असेल ते या वर्षात बघून घ्या."

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "सांग, काय बघायचंय?"

काकू म्हणाल्या, "वरचं तळं."

आमच्या गावामागे डोंगर आहेत आणि डोंगरांत तळी आहेत. खालचं लांब तळं सगळ्यांनी पाहिलेलं. वरचं तळं खिंडीच्या पलीकडे, पार उंचावर. तिथे मोटारी जाऊ देत नाहीत. जायचं तर पायी, नाहीतर सायकलने, आणि वाट एवढी लांब की गोल फेरीत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंतचा पूर्ण दिवस जातो. माझ्यासारख्या धिप्पाड सायकलने ते करायचं म्हणजे काही खायचं काम नव्हे.

बेताला सुरुवात झाली. नकाशातली बारीक अक्षरं काकूंना दिसत नव्हती, म्हणून काकांनी सगळा डोंगराळ मुलूख जेवणाच्या टेबलावरच मांडला. शिळे पाव म्हणजे डोंगर, बशा म्हणजे तळी आणि काकूंच्या रिळाचा लाल दोरा म्हणजे रस्ता. टवका उडालेली निळी बशी हे वरचं तळं. काकू दोऱ्यावरून बोट फिरवत आणि विचारत, "इथे चढ आहे का? पाणी कुठे भरायचं?" एकदा चहा पिता पिता काकांनी बोलण्याच्या नादात अर्धा डोंगर खाऊन टाकला.

"बरं झालं," काकू म्हणाल्या, "तेवढाच चढ कमी झाला."

खिंडीकडे जायला वाटा दोन होत्या. एक गावातून सरळ वर चढणारी. तिच्याबद्दल सायकल दुरुस्तीवाल्याने माझे ब्रेक बदलताना काकांना बजावलं होतं, "काका, त्या चढाला आम्ही चढ म्हणत नाही, भिंत म्हणतो. या जड सायकलने तिकडे जाऊ नका. तुमचा गुडघा आधीच कुरकुरतोय." दुसरी वाट लांब तळ्याला वळसा घालून हळूहळू चढणारी. काकांनी ती निवडली. सकाळी आरामात निघायचं, दिवसभर चढायचं, दिवे लागायच्या सुमाराला वरच्या तळ्याशी पोचायचं आणि मग भिंतीवरून घसरत घरी. "शेवटचा घास गोड," काका म्हणाले. "आणि आयुष्यभर मी अंधारात उठून कणीक मळली. त्या दिवशी तरी ऊन अंगावर येईपर्यंत झोपेन म्हणतो!" ते बोलताना ते पोरासारखे खूश झाले होते.

काकू हसल्या आणि "छान," म्हणाल्या.

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. काका अंधारात उठत, म्हणून संध्याकाळ झाली की लगेच घोरायला लागत. त्यानंतर काकू घरात कशा वावरतात हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी रोज पाहत होते. दिवस कलला की काकू भिंतीला हात लावून चालत. पॅसेजमधून जाताना त्या आधी माझं हँडल चाचपत, मग पुढचं पाऊल टाकत. कातरवेळी त्यांना काहीच दिसत नव्हतं. एवढ्या कष्टाने त्या तळ्यापर्यंत जाणार आणि समोर नुसता काळोख बघून परत येणार, आणि वर काकांना "छान" म्हणणार! पण सायकलीला वाचा नसते.

पाय तयार व्हावेत म्हणून एका सुट्टीच्या दिवशी आम्ही लांब तळ्यापर्यंत सराव करून आलो. परतताना उशीर झाला. सूर्य डोंगराआड गेला तसे मागच्या पायडलांवरचे काकूंचे पाय ताठ झाले. आणि गावाच्या अलीकडे माझी साखळी तुटली. जुनीच होती ती, बरेच दिवस कुरकुरत होती. मी मुद्दाम केलं असं काही मी म्हणणार नाही.

साखळी जोडणं हे काकूंचं काम, कारण काकांची बोटं जाडजूड. काकू खाली बसल्या. जोडायची नवी कडी त्यांच्या हातातून सुटली.

"पडली वाटतं," त्या म्हणाल्या आणि रस्ता चाचपू लागल्या.

"अगं, तुझ्या पायाशी तर आहे."

"हो हो, दिसली." आणि काकूंनी एक खडा उचलला.

काकाही खाली बसले आणि त्यांनी तो खडा काकूंच्या हातातून हळूच काढून घेतला.

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने. उजेडात दिसतं हो मला. दिवस कलला की सगळं पुसलं जातं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती हौसेनं मांडलं होतंत सगळं. एक दिवस तुम्हाला मनसोक्त झोपायला मिळणार होतं."

"वेडी का खुळी तू!" काका म्हणाले. साखळी त्या दिवशी त्यांनीच जोडली. जोडताना तिला किती नावं ठेवली म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वयंपाकघरात आल्या आणि टेबलापाशी थबकल्या. "अहो, दोरा उलटा मांडलाय तुम्ही. आधी भिंत?"

"आधी भिंत. अंधारात निघायचं. ऊन डोक्यावर असताना तळं."

"आणि तुमची झोप? तुमचा गुडघा?"

"गुडघे मला दोन आहेत," काका म्हणाले. "आणि अंधारात उठायची मला सवयच आहे."

ठरलेल्या दिवशी आम्ही भिंत चढलो. चढलो म्हणजे काय, शेवटच्या वळणांवर दोघं उतरले आणि मला ढकलत निघाले. काका लंगडत होते, काकू मागून रेटत होत्या. ढकलून घेताना मला एरवी लाज वाटते, त्या दिवशी नाही वाटली. वर पोचलो तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं. काकूंनी माझ्या मागच्या हँडलवर दोन्ही हात ठेवले आणि तळ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मी मात्र काकांना पाहत होते. ते तळ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. ते काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

आता काकूंना दिवसाही दिसत नाही. आम्ही अजून फिरायला जातो. पुढून काका रस्ता सांगतात, मागून काकू जोर लावतात. माझा रंग उडालाय, पण साखळीला वेळच्या वेळी तेल मिळतं. मित्रांनो, तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिला कोंबड्यांच्या हवाली करू नका. आणि कुणासाठी कितीही प्रेमाने बेत आखलात, तरी मागच्या सीटवरच्या माणसाला एकदा विचारा.

हल्ली दिवे लागले तरी काका लगेच झोपत नाहीत. पॅसेजमध्ये माझ्याजवळ स्टूल घेऊन बसतात, साखळी पुसतात आणि विचारतात, "अगं, त्या तळ्याचा रंग कसा होता?"

"पुन्हा? तुम्हीही होतात की तिथे!"

"होतो. पण मी काही तळं पाहिलं नाही. तूच सांग."

आणि काकू सांगू लागतात.